वास नसलेली पावडर

आज सकाळी चाळीसगावातल्या माझ्या पाण्याच्या जारच्या प्लांटवर व्यापाऱ्याने टीसीएल पावडरचं पोतं उघडलं. पाण्यातले जंतू मारणारी ही पावडर ताजी असली की नाकाला झोंबते. ही झोंबली नाही. मी पोतं परत पाठवलं, आणि मी गावात नळाला पाणी सोडायचो तेव्हाचं भडगावचं प्रशिक्षण आठवून डोकं पुन्हा तापलं.

गावोगावचे आम्ही पाणी सोडणारे सतरंजीवर बसलो होतो. शिकवणारा साहेब स्वतः बाटलीचं पाणी पीत होता. त्याने गिरणा नदीच्या पाण्यात पावडर कालवली, अर्ध्या तासाने ते काचेच्या नळीत घेऊन औषधाचे थेंब टाकले आणि म्हणाला, "पिवळा रंग आला की पाणी पिण्याजोगं." रंग आलाच नाही.

"साहेब, पावडर मरेल शे, वास बी नही," शेजारी बसलेल्या अक्का म्हणाल्या. त्या आपल्या गावची टाकी सांभाळायच्या.

"पुस्तकातलं प्रमाण बरोबर आहे, अक्का. वहीत पिवळा लिहा, म्हणजे सर्टिफिकेट मिळेल." साहेबाने घड्याळ बघितलं. असल्या माणसाला आज मी जार धुवायलाही ठेवणार नाही.

अक्कांनी वही मिटली. मी पेन उचललं. सर्टिफिकेटशिवाय ग्रामपंचायत मला कायम करणार नव्हती.

"भाऊ, हाई पानी तुना पोरले पाजशी का?" त्यांनी हळूच विचारलं.

इतकी वर्षं मी त्या साहेबालाच शिव्या देत आलो. पण कोथिंबिरीच्या जुडीसाठी भर बाजारात भांडणारा मी, त्या दिवशी एका शब्दानेही भांडलो नाही. 'पिवळा' लिहिलं, आणि अक्षरही चांगलं काढलं.