दिल्लीच्या साहेबासाठी कनात

भगवंतराव देवास संस्थानाच्या दोन गाद्यांपैकी थोरल्या पातीच्या फरासखान्यात वाढले. जाजमं अंथरायची, तंबू ठोकायचे, हंड्या-झुंबरं पुसायची, हे त्यांच्या घराण्यात आजोबांपासून चालत आलेलं काम. त्या कामाबरोबर एक शिकवणही चालत आली होती. बाहेरचा अधिकारी येणार असेल तर घरातलं उणं त्याच्या नजरेला पडू द्यायचं नाही. इंग्रज सरकारच्या गोऱ्या एजंटाचा दौरा असला की राजवाड्याची गळकी बाजू कापडी कनातीआड जायची आणि कनातीपुढे लोड-तक्के मांडले जायचे. पाहुण्यापुढे रडगाणं गाणाऱ्याला फरासखान्यात कुणी उभं करत नसे.

अठ्ठेचाळीस साली दोन्ही पाती मध्यभारतात विलीन झाल्या आणि फरासखान्याला कुलूप लागलं. भगवंतराव तेव्हा चाळिशीला टेकले होते. उज्जैन रस्त्यावर लखमीचंद शेठची सरकीच्या तेलाची गिरणी होती. तिथं ते हमाल म्हणून लागले, दोन वर्षांत मुकादम झाले. मग फरासखान्यातली जुनी माणसं एकेक करून त्यांच्याकडे येऊ लागली. त्यांनी कुणालाही परत धाडलं नाही. शेठला म्हणाले, "माणूस माझा आहे, जबाबदारी माझी." अशी आठ-दहा कुटुंबं त्यांच्या शब्दावर गिरणीत शिरली.

पण गिरणीच म्हातारी झाली होती. सरकी दाबून तेल काढायच्या तीन प्रेसपैकी दोन बंद पडलेले, तिसरा खोकत चाललेला. शेठपाशी नवी यंत्रं घ्यायची ताकद नव्हती. अशात विलायतेच्या एका साबण कंपनीनं निम्मी भागीदारी मागितली. भांडवल तिचं, यंत्रं तिची. मात्र परक्या कंपनीला इथं पैसा घालायचा तर दिल्लीची मंजुरी हवी. दिल्ली बघणार ते एकच. या धंद्याला बाहेरच्या पैशाची खरोखर गरज आहे का? देशी मालकाचं स्वतःच्या बळावर चालत असेल तर परक्याला वाटेकरी कशाला करायचं? ते पाहायला एक अधिकारी येणार होता. मंजुरी मिळाली तर गिरणी जगणार, नाहीतर दिवाळीआधी बंद.

हे सगळं मॅनेजर श्रीपादराव जाणून होते. मजुरांना त्यांनी काही सांगितलं नाही. कागदावरच्या गोष्टी मजुरांना कशाला, असं त्यांना वाटलं असावं. अधिकाऱ्याला आणायला इंदूरला निघताना ते घाईत भगवंतरावांना एवढंच म्हणाले, "दिल्लीचे साहेब येताहेत. गिरणीचं भवितव्य त्यांच्या हाती आहे. जरा व्यवस्था बघा."

व्यवस्था! भगवंतरावांना पाच वर्षांत कुणी त्यांच्या खऱ्या कामाला बोलावलं नव्हतं. त्यांनी जुन्या माणसांना गोळा केलं. राजवाड्यातल्या ओळखीनं दोन लाल कनाती आणि एक मोठं जाजम मागून आणलं. भिंतींना चुना फासला. बंद प्रेस कनातीआड गेले. रिकामे डबे घासून, झाकणं ठोकून, रांगेनं छतापर्यंत रचले.

बॉयलरवाला गेंदालाल हे सगळं तोंडात विडी धरून बघत होता. माळव्याचाच माणूस, त्याला कशाचंच कौतुक नसे.

"भिया, साहब गिरणी देखने आ रिया है के बरात?"

"तू वाफ सांभाळ. आज प्रेस थांबला तर तुझ्या तोंडाला काळं फासीन."

"वो तो पेले से ई काला है," गेंदालाल म्हणाला आणि भट्टीत कोळसा टाकू लागला.

जुन्या माणसांत यशवंतराव सर्वांत वडील. राजवाड्यात हुजऱ्याचं काम केलेले. त्यांनी ट्रंकेतला जुना फेटा काढून बांधला होता. "भगवंता, साहेबाला कळलं पाहिजे, हे लोक कुणाच्या पदरी होते."

"कळेल, काका."

दुपारी मोटार आली. श्रीपादराव आधी उतरले आणि फाटकातच थबकले. त्यांचा चेहरा उतरला, तो भगवंतरावांनी पाहिला, पण प्रवासाचा शीण असेल असं धरून चालले. पाहुण्यासमोर श्रीपादरावांना काही बोलता येईना. कनात ओढून काढावी तर बंद यंत्रं आपणच लपवली असं व्हायचं. पुढे होऊन बोलायला हवं होतं ते शेठही लाजेनं गप्प राहिले. आपली गिरणी बुडाली हे चार माणसांत कोण सांगणार?

साहेब तरुण होता, सभ्य होता. त्यानं चालता प्रेस पाहिला, डबे पाहिले, फेटा पाहिला. मग मुकादमाला मुद्दाम विचारलं, "मशीनें ठीक चलती हैं? कोई तकलीफ?"

भगवंतरावांनी हात जोडले. "हुजूर के राज में कोई तकलीफ नहीं. कभी बंद नहीं पड़तीं."

साहेबानं समाधानानं मान हलवली आणि टिपून घेतलं.

दसऱ्याच्या सुमारास उत्तर आलं. कारखाना उत्तम स्थितीत आहे, परदेशी भांडवलाची आवश्यकता दिसत नाही. श्रीपादरावांनी भगवंतरावांना खोलीत बोलावून त्याचा अर्थ समजावला. चढ्या आवाजात बोलले नाहीत. भगवंतराव दाराकडे वळले.

"मग मी दिल्लीला जातो. सांगतो, मी खोटं दाखवलं."

"आता कोण ऐकणार, भगवंतराव? उलट म्हणतील, आधी फसवलं, आता रडतात. आणि चूक माझी. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"तुम्ही सांगितलं असतं तरी," भगवंतराव म्हणाले आणि पुढचं गिळून टाकलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी माणसांना गिरणीच्या ओट्यावर बसवून सगळं सांगितलं, स्वतःचं नाव घेऊन. शिव्या खायच्या तयारीनं ते उभे होते. कुणी शिवी दिली नाही. यशवंतराव तेवढे म्हणाले, "म्हणजे आपलं मोडकं-तोडकं उघडं करून दाखवायचं होतं?"

"होय, काका."

"परक्याला?"

"होय."

"मग ते आपल्याच्यानं झालं नसतं," म्हातारा म्हणाला, आणि ते ऐकून भगवंतरावांना शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

गिरणी बंद झाली. माणसं इंदूरला, उज्जैनला पांगली. यशवंतराव त्या हिवाळ्यातच वारले. भगवंतराव लग्नांचे मांडव घालून कसंबसं भागवत होते, तेही वर्षातून चार महिने.

पंचावन्न साली संस्थानच्या जुन्या नोकरांना थोडा भत्ता मिळणार असं कळलं. गरजू कोण, ते पाहायला एक कारकून घरोघर फिरत होता. भगवंतरावांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी, शेजारून बश्या मागून आणल्या, खाटेवर धुतलेली चादर घातली. कारकून बसला. चहा आला.

"घरचं कसं काय चाललंय?" त्यानं विचारलं.

"देवीच्या कृपेनं," सुभद्राबाई दारामागून म्हणाल्या.

भगवंतराव उठले. कारकुनाला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि धान्याचे डबे एकामागून एक उघडून तळ दाखवला. चादर उचलून फाटकी गोधडी दाखवली. बश्या कुणाच्या तेही सांगितलं. सुभद्राबाईंनी पदर तोंडावर ओढला.

भत्ता मंजूर झाला. सुभद्राबाई त्या पैशांची ज्वारी आणत, दळत, भाकरी थापून नवऱ्याच्या पुढ्यात ठेवत. मात्र कारकून येऊन गेला त्या दिवसापासून त्या कधी नवऱ्यासमोर बसून जेवल्या नाहीत. भगवंतरावांनी एकदाच म्हटलं, "गिरणीत तेव्हा असं केलं असतं तर आठ-दहा घरं जगली असती."

"जगली असती," त्या म्हणाल्या आणि पाठ वळवून चुलीत लाकूड सारलं.