धक्क्यावरचा नारळ

दोन हजार सालाच्या आसपास आमच्या खाडीला बोटी लावायचा धक्का मंजूर झाला आणि गावाचं वाटोळं झालं. रागानं लिहितोय, पण खरं तेच लिहितोय.

मोहल्ल्याच्या अंगाला पाणी खोल आणि आमच्या वाडीच्या अंगाला चिखल, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. धक्का मोहल्ल्याकडे झाला असता तर बर्फाची गाडी बोटीपाशी आली असती, दोघांचीही मासळी ताजी ताजी हातखंब्याला हायवेवर गेली असती. पण आमच्यातल्या शहाण्यांनी डोक्यात भरवलं, 'त्यांच्या दारात का म्हणून?' ग्रामसभा भरली. सरपंच होते माझे बाबा. समोर त्यांचा बालमित्र, मोहल्ल्यातला तांडेल, स्वतःची बोट हाकणारा. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो.

चाचा उठून बाबांना म्हणाले, "अरे, पाणी ओसरलं की सुकतीला तुमच्याकडं बोट लागंल कशी? चिखल हाय तिथं. तू सांग ना त्यांना."

बाबांनी ठराव मताला टाकला. हात वर झाले, वाडीचे हात जास्त भरले. लोकशाहीच ती, बोलणार कोण?

धक्का इकडे ठरल्यावर बर्फाची गाडी मोहल्ल्याकडे फिरकलीच नाही. चाचांनी बोट हर्णेला विकली आणि उतारवयात राखणदारीला कुवेतला गेले. जाताना आमच्या घरी आले नाहीत. बाबाही त्यांना भेटायला गेले नाहीत.

उद्घाटनाला पुढाऱ्यांना वेळ होता नारळी पौर्णिमेच्या संध्याकाळी. पौर्णिमेला संध्याकाळी आमच्याकडे मोठी ओहोटी असते. म्हणून तर गावाचा मानाचा नारळ इतकी वर्षं चाचांच्या बोटीतून खोल पाण्यात जायचा. बाबा नारळ धरून पुढे, चाचा सुकाणूवर. या वेळी मात्र बाबांनी तो नव्या धक्क्यावरून सोडला.

पाण्याचा आवाज आलाच नाही. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ चिखलात रुतून बसला. पोरं फिदीफिदी हसली, पाहुणे घड्याळ बघू लागले.

बाबांनी चपला काढल्या आणि मांडीभर चिखलात उतरले. नारळ उपसून त्यांनी उराशी धरला. मग मोहल्ल्याकडे तोंड करून, दरवर्षीच्या सवयीनं, त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "बोट आन रे!"