आईच्या गाडीची रुपेरी चाकं

नोकरीतून निवृत्त झाल्यावर आई गाडी चालवायला शिकली आणि मग तिला रुपेरी चाकं हवीशी झाली. आम्ही दोघी तुळिंजला राहतो. बिल्डिंगखाली उभ्या असलेल्या आमच्या गाडीकडे ती गॅलरीतून बघत बसायची.

"सगळं छान आहे गं," एकदा म्हणाली, "पाय तेवढे काळेठिक्कर आहेत तिचे."

मला हसू आलं. तिला नाही आलं.

हिवाळ्यात एके दिवशी आम्ही सातिवलीच्या एका दुकानात गेलो. साडीचा पोत बघावा तसा हात फिरवून तिने पाच पाकळ्यांची अलॉय चाकं निवडली. दुकानदाराने ती बसवली आणि जुनी चाकं टायरसकट आमच्याच डिकीत नि मागच्या सीटवर कोंबली. आई स्टिअरिंगवर बसली. "घरी नको. राजोडीला जाऊ, समुद्रावर."

ती वाट मला अर्धवट झोपेत पाहिल्यासारखी आठवते. ऊन मऊ झालं होतं. बावखलाच्या, वाडीतल्या छोट्या तळ्याच्या, हिरव्या संथ पाण्यात माड उलटे उभे होते. वाडीच्या पांढऱ्या कुंपणांवरून आमच्या चाकांचे कवडसे पळत होते आणि आई ते बघून स्वतःशीच गुणगुणत होती. माझे डोळे मिटायला लागले. त्या गुंगीतच एक आवाज आला, टक, टक, टक, कुणी लांबून दार वाजवावं तसा.

"ऐकलंस?" आईने विचारलं.

"टायरमध्ये खडा अडकला असेल."

"खडा नाही. स्टिअरिंगची थरथर हाताला लागतेय."

तिने गाडी हळूच कडेला घेतली. मी उतरले, पुढच्या चाकाच्या नटाला बोट लावलं आणि तो सहज फिरला. दुसराही फिरला.

मी नट काढून पाहिला. आमच्या गाडीचे मूळचे नट बुडाशी गोटीसारखे गोल होते. जुन्या चाकाच्या भोकातली खळगीही तशीच गोल. नव्या चाकाचं भोक मात्र नरसाळ्यासारखं निमुळतं होतं. गोल नट त्यात नुसता कडेवर टेकला होता.

"घट्ट आवळून हळूहळू जाऊ या का?" आई म्हणाली.

"नको. त्याला बसायला जागाच नाही, आई. परत सुटेल."

ती क्षणभर त्या चमकत्या पाकळ्यांकडे बघत राहिली. मग पदर खोचून तिने मागच्या सीटवरचं जुनं चाक ओढायला घेतलं.

शेजारच्या वाडीतल्या एक मावशी आम्हाला बघून बाहेर आल्या. आल्या आल्या त्यांनी मागच्या चाकाला दगड लावला. "पानी आनू का?" म्हणाल्या. मग आईला म्हणाल्या, "बरी दिसतात की. काढता कशाला?"

"बसत नाहीत नीट," आई म्हणाली, आणि तिने चाकावरची धूळ हाताने पुसली.

जॅक लावून एकेक करत आम्ही चारही चाकं बदलली. नटांचे आटे शाबूत होते. समुद्र राहिलाच. झाडांमागून त्याची गाज तेवढी ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने तो नट नव्या चाकात घालून हलवून पाहिला. "चूक माझी, मॅडम. जुनेच नट लावले मी." त्याने त्याच आट्यांचे पण निमुळत्या बुडाचे नट काढले. चाकाच्या मधल्या भोकात मोकळी जागा होती, तिथे कडं बसवलं. नट आधी हाताने फिरवले, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. गाडी जमिनीवर टेकवल्यावर त्याने ठरलेला जोर पोचला की 'कट्' वाजणारा पाना आणला.

"शेवटचं चाक मी करू?" आईने विचारलं.

तिने पाना दाबला. कट्. दार वाजवल्यावर आतून कुणी ओ द्यावी, तसा तिचा चेहरा उजळला.

त्या आठवड्यात तिने गाडी भरपूर फिरवली. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे रविवारी बिल्डिंगखाली नट पुन्हा तपासायचे होते. तसाच 'कट्' वाजणारा पाना तिने स्वतःसाठी आणला होता. वरच्या मजल्यावरच्या बायका कठड्याला रेलून बघत होत्या. आई चाकाशेजारी पाटावर बसली, एकेक नट तपासत गेली. सगळे जागच्या जागी होते. मग ती लगेच उठली नाही. उन्हाने तापलेल्या चाकावर तळहात ठेवून, डोळे मिटून, स्वतःशीच गुणगुणत बसली.