आर्डिथच्या गाडीचं माप

वेंडल हॉस्टेटलरने जन्मात एकही गाडी पुरी केली नाही, आणि तरी आमच्या क्लबातली एकही चांगली गाडी त्याच्याशिवाय पुरी झाली नाही. क्लब म्हणजे काय, तर लुथेरन चर्चच्या तळघरात महिन्यातून एकदा जमणारी आम्ही काही म्हातारी मंडळी. सरळ रस्त्यावर पाव मैल जीव खाऊन पळणाऱ्या ड्रॅग गाड्यांच्या वीतभर लांबीच्या प्रतिकृती करायच्या, हा आमचा उद्योग. आमच्या बायका याला पोरखेळ म्हणतात आणि त्यांचं फारसं चुकत नाही.

दुकानात मिळणाऱ्या खोक्यात सगळं प्लॅस्टिकचं येतं. ज्याला ते पुरत नाही तो वेंडलकडे जायचा. वेंडल गिअरच्या कारखान्यात टूलरूमला होता, तिथूनच निवृत्त झाला. घराच्या तळघरात त्याचा घड्याळजीचा लेथ होता. अॅल्युमिनियमच्या कांडीतून तो चाकं कातायचा, पितळेच्या तारेतून बोल्ट, आणि त्या मोहरीएवढ्या बोल्टच्या डोक्याला सहा बाजू असायच्या. भिंगातून मोजून बघा, सहाच. इंजिनवर हवा आत घेणाऱ्या झडपा तो अशा बसवायचा की सुईच्या टोकाने ढकलल्या की उघडाव्यात.

"कोण बघणार आहे रे हे?" मी एकदा म्हटलं.

"झडप उघडली नाही तर ती झडप कसली? झाकण झालं ते," तो म्हणाला आणि पुन्हा भिंग डोळ्याला लावलं. वेंडलशी गप्पा म्हणजे एवढ्याच.

लग्न केलं नाही. आई होती तोवर आईबरोबर राहिला, आई गेल्यावर तिच्याच घरात एकटा. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर कायम वर्तमानपत्रांचा ढीग. मी गेलो की तो ढीग उचलून जमिनीवर ठेवायचा, आणि मी उठलो की माझ्यादेखत परत खुर्चीवर.

वसंतात आमची स्पर्धा भरते. तिथे एक टेबल अर्धवट गाड्यांचं असतं. त्याला बक्षीस नसतं, नुसतं कौतुक. वेंडल दर वर्षी त्या टेबलावर एकच गाडी ठेवायचा: आर्डिथ क्लिंगरची 'सॉरी मॉम'. नारिंगी रंगाची, पुढे उघडी, मागची चाकं ड्रायव्हरच्या खांद्याला लागतील एवढी. खरी गाडी सत्तर सालाच्या आसपास आमच्या भागात गाजली होती. मालक आर्डिथचा नवरा ड्वाइट, चालवणारी आर्डिथ, आणि मोडेल ते रात्रीतून घडवून देणारा वेंडल. ड्वाइट मोठ्या आवाजाचा माणूस होता. फोटोत तो मधे, आर्डिथ त्याच्या हाताखाली, आणि वेंडल कडेला अर्धा कापलेला.

शेवटच्या शर्यतीनंतर ती गाडी क्लिंगरांच्या कोठारात जशी आली तशीच उभी राहिली. आमच्याकडे हे पाळतात. निवृत्त झालेल्या गाडीला कुणी पाना लावत नाही. शेवटच्या दिवशीचा चिखलसुद्धा धूत नाहीत. देवळातल्या मूर्तीला कुणी सरकवून बघेल का, तसंच ते.

ड्वाइट गेला त्याच्या पुढच्या ऑक्टोबरात आर्डिथनेच वेंडलला फोन केला. म्हणाली, "तू तिची प्रतिकृती करतोयस असं ऐकलं. फोटोवरून कशाला करतोस? ये आणि माप घे." वेंडल गेला. दिवसभर कोठारात व्हर्नियर घेऊन सरपटला, सगळं मोजलं, पंचविसाने भागलं, आणि हिवाळाभर घडवत बसला. पुढच्या वर्षी आर्डिथने पुन्हा बोलावलं, नुसतंच बघायला ये म्हणून. वेंडलने सहज पुढच्या टाकीला व्हर्नियर लावला. इंधनाची ती गोल टाकी अगदी नाकावर, एका पट्टीवर बसते. माप अर्धा इंच चुकलेलं निघालं.

अर्धा इंच म्हणजे वीतभर गाडीत अर्धा मिलिमीटर. आमच्यापैकी कुणाच्या बापाला दिसलं नसतं. वेंडलने मात्र टाकी काढली, पट्टी टाकून दिली आणि नवी केली. त्याच्या पुढच्या वर्षी अॅक्सिलरेटरची दांडी चुकलेली. मग परत टाकी. मग सीटची उंची. मग परत टाकी.

वेंडलला हे फार लागलं. ज्याच्या हातावर सगळा कारखाना विसंबून होता त्या माणसाला आपलं माप चुकतंय हे सहन कसं व्हावं? तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानाने डोळे उत्तम आहेत. वेंडलने डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही. व्हर्नियर खोटं बोलत नाही, असं त्याचं म्हणणं. ज्या माणसाला अर्धा इंच दिसत नाही त्याने रस्त्यावर गाडी चालवू नये असं ठरवून त्याने आपली पिकअप विकली. तेव्हापासून ऑक्टोबरात त्याला आर्डिथकडे नेण्याचं काम माझ्याकडे आलं.

म्हणून मी ते बघितलेलं आहे. वेंडल कोठारातून बाहेर यायचा, टोपी हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा आणि गुन्हा कबूल केल्यासारखा म्हणायचा, "आर्डिथ, पुन्हा चुकलं गं माझं."

"होतं असं, वेंडल," ती म्हणायची. "बस. पाई कापते. पुढच्या वर्षी ये, परत मोज."

साखर आणि सायीची ती भाजलेली पाई तिच्यासारखी कुणी करत नाही. आम्ही तिघं टेबलाशी बसायचो. ती त्याच्या ताटलीत मोठा तुकडा वाढायची, माझ्यात बेताचा. ती बोलायची, तो ऐकायचा, आणि त्याचे कान लाल झालेले असायचे. सत्तरी उलटलेला माणूस! परतताना मी गाडीत त्याला छेडायचो.

"बोल ना तिला एकदा."

"काय बोलू?"

"जे पन्नास वर्षं पोटात ठेवलंयस ते."

"समोर बघून चालव, नॉर्ब."

मी आयुष्यभर शाळेची बस चालवली. मला ओरडायची सवय आहे, पण वेंडलवर ओरडून उपयोग नसतो. तो खिडकीबाहेर कापलेल्या मक्याकडे बघत राहायचा.

गेल्या ऑक्टोबरात पाई वाढून झाल्यावर आर्डिथ म्हणाली, "हे शेवटचं. माझ्या गुडघ्यांना आता हा जिना झेपत नाही. लांब तिकडे वाळवंटात, टूसॉनला भाचीकडे राहायला जातेय. गाडीला गिऱ्हाईक आलंय, महिनाअखेर घेऊन जातील." मग वेंडलकडे बघून म्हणाली, "आता तरी पुरी कर तुझी. मला बघायचीय."

"टाकी राहिलीय," वेंडल म्हणाला.

"ठाऊक आहे मला टाकी राहिलीय," ती म्हणाली आणि ताटल्या उचलायला लागली.

मला टेबलाखालून त्याला लाथ मारावीशी वाटली. त्याच्या आयुष्यात वर्षाचा एक दिवस होता, आणि तो दिवस टूसॉनला निघाला होता. थांब म्हण, नाहीतर मी येतो म्हण, काहीतरी म्हण! तो म्हणाला, "पाई छान झाली होती."

गाडी न्यायच्या दिवशी आम्ही गेलो. नेणारा माणूस तरुण होता, ओहायोहून ट्रेलर घेऊन आलेला, कामाचा आणि बडबड्या. ट्रेलरवर चढवण्याआधी त्याने पुढची टाकी सोडवली, आत जुनं इंधन असेल तर रिकामं करायला हवं म्हणून. टाकीखालची पट्टी उघडी पडली तसा तो वाकला आणि हसला.

"हे कुणी केलंय? चाळणी झालीय पट्टीची."

वेंडल पुढे झाला. पट्टीत एकापुढे एक भोकं होती, अर्ध्या-अर्ध्या इंचावर. एक जुनं, कडा गंजलेल्या. बाकीची नवी, हाताच्या ड्रिलने पाडलेली, जराशी वाकडी. जी वापरात नव्हती त्यांत काळी पुट्टी भरून वरून रंग लावला होता. वेंडलने खिशातून भिंग काढलं. मग दांडीच्या नटकडे गेला, मग सीटखालच्या बोल्टकडे. सगळीकडे पान्याचे ताजे ओरखडे. त्याने वर्षानुवर्षं फक्त अंतर मोजलं होतं. बोल्टकडे बघितलंच नव्हतं, कारण त्या गाडीला कुणी पाना लावेल हे त्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

मीही तिथेच उभा होतो आणि मलाही कळलं. म्हातारी बाई, दुखऱ्या गुडघ्यांची, थंड कोठारात सिमेंटवर बसून नवऱ्याच्या गाडीला भोकं पाडत होती. एक माणूस पुन्हा यावा म्हणून.

आर्डिथ मागच्या दारात स्वेटर लपेटून उभी होती. वेंडलने मान वर करून तिच्याकडे बघितलं. तिनेही बघितलं. इतका वेळ की ट्रेलरवाल्या पोराचीसुद्धा बडबड थांबली.

"कॉफी निवतेय," ती म्हणाली आणि आत गेली.

आम्ही कॉफी प्यायलो. खोक्यांनी भरलेल्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच. मी मुद्दाम अंगणात जाऊन ट्रेलरचे पट्टे तपासायचं नाटक केलं, चांगला वेळ दिला. परत आलो तर वेंडल कोटाची बटणं लावत होता. त्याने तिच्याशी हात मिळवला. "जपून जा," म्हणाला. तीही "तूसुद्धा" म्हणाली, बस्स.

गाडीत बसल्यावर माझा तोल गेला. "तिने तुला आंधळा ठरवलं रे! तू तुझी पिकअप विकलीस तिच्यापायी! भांड तरी तिच्याशी!"

"मला राग नाही आला," वेंडल म्हणाला.

"मग काय आलं?"

घराशी उतरवलं तेव्हा त्याला गाडीचं दार उघडायची कडी सापडेना. मी वाकून आतून उघडलं.

मग हिवाळा आला. फेब्रुवारीत एका संध्याकाळी मी त्याला क्लबला न्यायला गेलो, तर तो तळघरात होता. गाडी दिव्याखाली ठेवलेली. मी ती इतकी वर्षं बघत आलो होतो, तरी खाली बसून बघितली. प्रत्येक झडप, प्रत्येक तार जागच्या जागी. फक्त नाकावर टाकी नव्हती. शेजारी त्याने आजवर केलेल्या पट्ट्या ओळीने मांडल्या होत्या. टाकून दिल्या म्हणाला होता, पण सगळ्या जपून ठेवल्या होत्या.

"कुठली लावू ते कळत नाही," तो म्हणाला.

"मग विचार तिला."

मला वाटलं नव्हतं, पण त्याने खरंच फोन उचलला. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून त्याच्या फोनचा आवाज कायम मोठा असतो. मला सगळं ऐकू येत होतं.

"आर्डिथ, मी वेंडल. टाकीचं विचारायचं होतं. पट्टीला बरीच भोकं आहेत. मी कुठलं धरू?"

पलीकडे कुठेतरी टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"पहिलं धर," आर्डिथ म्हणाली. "तू पहिल्यांदा मोजलंस तेच बरोबर होतं. तुझं एकदाही चुकलं नाही, वेंडल. एकदाही नाही."

"म्हणजे डोळे ठीक आहेत माझे."

"डोळे ठीक आहेत," ती म्हणाली. "इथे फार ऊन असतं. घर चांगलं आहे. पण इथे मोजायला काही नाही रे."

मी दोन्ही हातांनी खुणा करत होतो. बोल, बोल, अरे मूर्खा, ती तुला बोलावतेय! वेंडलने माझ्याकडे बघितलं आणि मग गाडीकडे.

"नसणार," तो म्हणाला. "खरंय. गाडीच नाही तिथे."

"नाही," ती म्हणाली. "गाडी नाही."

त्यानंतर दोघं हवेबद्दल बोलले. इथे किती बर्फ पडलं, तिथे संत्री कशी अंगणातच लागतात. मग तिने ठेवते म्हटलं आणि याने बरं म्हटलं.

"झालं?" मी म्हणालो. मला त्याला गदगदा हलवावंसं वाटत होतं.

"माप मिळालं," वेंडल म्हणाला.

त्याने ओळीतली सगळ्यात जुनी पट्टी चिमट्याने उचलली, काळवंडलेली होती ती कापडाने पुसली. टाकी तिच्यावर बसवली, पाच मिनिटांत वाळणारा डिंक काडीने लावला आणि गाडीच्या नाकावर ठेवून तर्जनीने दाबून धरली. क्लबची वेळ होत आली होती. मी त्याचा कोट आणून दिला, टाकी दाबून धरायला क्लिप पुढे केली, म्हटलं ही लाव आणि चल. तो नको म्हणाला. मी समोरच्या पेटीवर बसून राहिलो. डिंक केव्हाच वाळला होता, पण वेंडलने बोट काढलं नाही.