एकच प्लग

वाशीमच्या एका छापखान्यात देवमन छपाईचं मशीन चालवायचा. तिथं विजेचा प्लग एकच होता. मशीन, पंखा आणि रेडिओ आळीपाळीनं त्यावर चालत. १९७४च्या उन्हाळ्यात एकदा मालक बबनरावांनी मशीनची पिन काढून पंखा लावला. मशीन थांबलं, म्हणून देवमन त्यात अडकलेली लग्नपत्रिका सोडवू लागला. अंग गार झाल्यावर बबनरावांनी न पाहताच मशीनची पिन परत लावली. देवमनच्या उजव्या हाताची चार बोटं चिरडली.

“काहून हात घातला रे? पत्रिका रक्तानं भरल्या ना!” बबनराव ओरडले.

देवमन दवाखान्यातून परतला, तेव्हा मशीनवर नवा माणूस होता. बबनरावांनी देवमनला प्लगपाशी बसवलं. पिन लावण्याआधी तो दरवेळी जिवाच्या आकांतानं ओरडायचा, “हात काढ!”

“गिऱ्हाइकं दचकतात तुह्या ओरडण्यानं,” म्हणत बबनरावांनी महिन्याभरात त्याला काढून टाकलं.