सरांचं बंदर

समुद्राची इतकी काळजी करणारा आणि समुद्र एकदाही न पाहिलेला माणूस आमच्या रसायनशास्त्राच्या सरांखेरीज दुसरा नसेल. पुसदला त्यांच्या घरामागे दोन ड्रम आहेत. एकात खड्या मिठाचं पाणी. दुसऱ्यात तेच पाणी, पण तळाशी नाल्यातला गाळ. दोन्हींत लोखंडाच्या पट्ट्या दोरीने सोडलेल्या. याला सर 'बंदर' म्हणतात. शेजारच्या काकू ओरडतात, "सर, बंदराले झाकण लावा ना, पाहुणे येऊन राह्यले!" सर खूश होतात. "वास आला म्हणजे प्रयोग बरोबर चालला, काकू." एकदा समुद्रकाठच्या परिषदेचं बोलावणं आलं, तर बॅग घेऊन स्टँडवरून परत आले. ड्रमचं पाणी कोण बदलणार? आम्ही म्हटलं, "सर, समुद्र तरी पाहून घ्या." म्हणाले, "काय पाहू? वरून चांगलाच दिसते तो."

यंदा त्यांनी दोन्ही पट्ट्या काढल्या. मिठातली लाल, पापुद्रे सुटलेली. गाळातली काळी, पण अखंड. "कोणतीवर भरवसा ठेवशीन?" मी काळी दाखवली. सरांनी तिच्यावरचा थर पुसला आणि स्क्रू ड्रायव्हर टेकवला. तो आरपार गेला. "घाण पाण्यातले जंतू असं गुपचूप खातात."

मला दादा आठवला. माझा मोठा भाऊ एका बंदरात धक्क्याचे लोखंडी खांब रंगवतो, त्याच खांबांना बांधलेल्या फळीवर उभा राहून. मी चाचरत सांगितलं. सर म्हणाले, "फोन लाव त्याले."

"तिथला चिखल काळा आहे काय? सडक्या अंड्यावानी वास येते?"

दादा हसला. "इथं तर जेवणालेही तोच वास येते, सर."

"मुकादमाले सांग, खांब तपासून घ्या म्हणा."

"सांगतलं होतं. म्हणते, भेव लागते त घरी जाय."

"मग ये ना घरी!"

"मी आलो त हा शिकन कसा, सर?"

वर्गात कोणत्याही प्रश्नाला तासभर उत्तर देणारे सर एवढंच म्हणाले, "रोज खाली उतरला, की मले फोन करत जाय."

तेव्हापासून संध्याकाळी ते फोन घेऊन ओट्यावर बसतात. दादा आधी मला विचारायचा, "तुये सर पागल आहेत काय रे?" आता फळीवरून जमिनीवर आला, की पहिला फोन त्यांनाच करतो. "उतरलो, सर." आईला त्यानंतर. मी समोर पुस्तक उघडून बसतो. फोन वाजेपर्यंत आम्ही दोघंही एकमेकांकडे पाहत नाही.