कादंबरीतला म्हातारा

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझ्या वडिलांना, आबांना, बारामतीच्या इस्पितळात खाट मिळाली नाही, इंदापुरात मिळाली. माझ्या कादंबरीतला म्हातारा तेव्हा शेवटच्या आजारात पडला होता आणि पुढच्या प्रकरणात मरणार होता. हे मी कधीच ठरवलं होतं आणि जेवताना घरात सांगूनही टाकलं होतं. म्हातारा आबांवरच बेतलेला: एसटी डेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक, सायकलला पिशवी अडकवून पिंपळीपासून पुढं गावोगाव पत्रकं वाटणारा. आबांना त्याचं मरण पटलं होतं. "लई लांबवू नको," एवढंच म्हणाले होते.

रुग्णवाहिकेत त्यांच्याबरोबर कुणाला बसू दिलं नाही. जळोचीच्या घरात आई आणि मी उरलो. विहाराला कुलूप होतं, म्हणून आम्ही दोघी स्वयंपाकघरातच मेणबत्ती लावून वंदना म्हणायचो. मग मी लिहायला बसायचे आणि बसूनच राहायचे.

मी पत्रकांवर वाढले. अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. पुढच्या बाजूला आबांची वाक्यं असायची. 'मांजर आडवी गेली म्हणून एसटी पंक्चर होत नाही, खिळ्यानं होते.' आमच्या घरातलं लिंबू पोह्यांवर पिळलं जायचं, दाराला कधी लागलं नाही. आदल्या वर्षी गल्लीनं थाळ्या बडवल्या, तेव्हा मी स्वतः पत्रक लिहून सगळ्यांच्या मोबाईलवर धाडलं होतं आणि त्यापायी भरपूर बोलणी खाल्ली होती. त्या मला आता माझ्याच कादंबरीतला म्हातारा मारता येईना.

मग मी त्याला बरा करायला लागले. त्याला पेज पाजली, उठवून बसवला, ओसरीवर आणला. एका प्रकरणात तो काठी टेकत उसाच्या फडापर्यंत चालत गेला. सगळं खोटं होतं, पण खोडायला हात धजत नव्हता. लिहिता लिहिता मी भीक मागत होते. कुणाकडे, ते ठाऊक नव्हतं, कारण मागावं असं आमच्यात कुणी ठेवलेलंच नाही. आबा म्हणायचे, बुद्ध वाट दाखवतो, चालायचं आपण. मला वाट नको होती. मला ऑक्सिजन हवा होता.

समोर राहणारी चुलती एकदा दारातूनच म्हणाली, "भरल्या घरात मरणाचं लिहू नये, बाय. तुझी आई सांगत हुती, बुकात कुणीतरी मरतंय म्हणं."

"अजून मेलं न्हाय, काकी."

"मग मारू नको."

एरवी मी तिला अर्धा तास ऐकवलं असतं. त्या दिवशी आत आले आणि कडी लावली.

आबांचा फोन संध्याकाळी यायचा. आवाज रोज थोडा बारीक होत होता. एकदा त्यांनी विचारलं, "म्हातारा मेला का?"

"न्हाय अजून."

"बरा व्हायला लागला व्हय? वाच बघू."

मी वाचलं. फडापाशी आल्यावर ते हसले. हसताना खोकला लागला, तो किती वेळ थांबेना. "छाती गेलेला माणूस फडात कशाला गेला? तोडणीच्या टोळीत नाव घातलंस का त्याचं?" मग दम घेत घेत म्हणाले, "पोरी, कागदानं माणसं मरत असती, तर माझ्या पत्रकांनी ह्या तालुक्यात एक बुवा उरला नसता. लिही."

"तुमी घरी या, मग लिहिते."

"हा नवस झाला," आबा म्हणाले. "माझ्या घरात नवस."

पुढं त्यांना बोलवेना. फोन कुणीतरी काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी वंदना झाल्यावर मी ती खोटी पानं फाडली आणि प्रकरण लिहिलं. दुपारी म्हातारा गेला. संध्याकाळी मी आबांच्या फोनची वाट बघत बसले. त्यांना सांगायचं होतं, झालं म्हणून. फोन आला तो इस्पितळातून. आबा दुपारीच गेले होते. तिथं दुपारपासून कळवायला कुणाला सवड झाली नव्हती.

त्यांना तिकडंच जाळलं. आम्हाला चेहरा दाखवला नाही.

चुलतीनं दारातून माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. एकापाठोपाठ एक घडलं म्हणून एकामुळं दुसरं घडत नाही, हे मला पाढ्यासारखं पाठ होतं. आबा रोगानं गेले, उशिरा मिळालेल्या खाटेनं गेले, हे मी भर चौकात उभं राहून कुणालाही पटवून दिलं असतं. पण घास तोंडाजवळ नेला की मला माझंच शेवटचं वाक्य आठवायचं आणि मी तो परत ताटात ठेवायचे. आबांनी एवढी वर्षं ज्याच्याशी भांडण केलं, ते त्यांच्या लेकीच्याच पोटात येऊन बसलं होतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाहुणे येणार नव्हते. भंतेजींनी फोनवरून विधी केला. आमच्यात त्या दिवशी चार माणसं उठून गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. आबा तर दुसऱ्यांच्या घरी असं कितीदा तरी बोलले होते. त्यांच्याबद्दल बोलायला आम्ही दोघीच होतो.

आई म्हणाली, "तू लिवलंयस ते वाच."

"त्यात आबा न्हायत, आई."

"ठावं हाय. वाच."

मी वाचलं. कादंबरीतला म्हातारा आपल्या खाटेवर असतो. बायको त्याच्या तळपायाला खोबरेल चोळत असते, लेक उशाला बसलेली असते. तो पाणी मागतो. लेक त्याच्या ओठाला वाटी लावते. तो दोन घोट घेतो आणि पुरे म्हणून हात हलवतो.

आई मेणबत्तीकडं बघत बसली होती. ती म्हणाली, "ह्यांना तितं पाणी दिलं असंल का गं कुणी?"

दिलं असेल, असं म्हणणं सोपं होतं. "ठावं न्हाय," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. "मग ते पाण्याचं परत वाच."

मी परत वाचलं.